कुंपणाच्या अलीकडे घर, पलीकडे मुलाची बालवाडी: सही कुठे करायची?

पत्र

ताई, आमच्या घराला लागूनच एक शेत आहे. झाडं, भाजीचे वाफे, शेळ्या, कोंबड्या, ससे आणि गेली काही वर्षं तिथेच चालणारी एक छोटी बालवाडी. सध्या २२ मुलं आहेत. माझा साडेचार वर्षांचा मुलगा तिथे जातो. आधी कुणाशी न बोलणारं पोर आता घरी येऊन शेळीला काय झालं, कुठल्या झाडाखाली काय सापडलं ते सांगत बसतं. आता शेतमालकांनी बालवाडी वाढवायचं ठरवलंय: ६० मुलं, एक बंदिस्त सभागृह, गाड्या लावायला जागा, शिवाय दोन वर्षांच्या मुलांचा वेगळा गट. परवानगीसाठी महिन्याभराने सुनावणी आहे. आजूबाजूच्या घरांनी विरोधाचं निवेदन तयार केलंय: आवाज, गाड्या, सांडपाणी, आणि आज साठ तर उद्या दोनशे. ते सहीसाठी घेऊन आल्या शेजारच्या वहिनी, ज्यांच्या घरी माझा मुलगा रोज संध्याकाळी असतो. त्याच आठवड्यात बालवाडीकडून पालकांसाठी पाठिंब्याचं पत्रही आलं. सासऱ्यांना दुपारची झोप मिळत नाही, म्हणून ते विरोधात आहेत. नवरा म्हणतो, कशातच पडू नकोस. खरं सांगू का, मलाही ती शाळा मोठी व्हायला नको आहे. पण माझं कारण शेजाऱ्यांचं नाही. माझ्या मुलाला मिळतंय ते कमी होईल, याची भीती आहे. हे स्वार्थी आहे का? सही कुठे करू?

— कुंपणाआडची आई

उत्तर

दोन्ही कागद सध्या घरातच ठेवा, कशावरच सही करू नका. महिना हातात आहे आणि या महिन्यात करण्यासारखं बरंच आहे.

स्वार्थी आहे का, असं विचारलंत. मुळीच नाही. आपल्या लेकराला जे मानवलं ते टिकावं असं कोणत्याही आईला वाटेल, आणि तुमची भीती खोटी नाही. लहान असताना नीट चाललेल्या कितीतरी बालवाड्या मोठ्या होता होता हरवलेल्या मी पाहिल्या आहेत. मात्र नेमकं काय कमी होईल असं तुम्हाला वाटतं, ते पत्रात कुठेच आलेलं नाही. ‘मोठी झाली की बिघडेल’ एवढ्यावर शेतमालकही काही करू शकत नाहीत आणि सुनावणीत बसलेला अधिकारीही. म्हणून आधी ते शोधू या.

पालापाचोळ्यात एक मूल उकिडवं बसलंय. समोर एक किडा पालथा पडून पाय हलवतोय. मूल काडीने त्याला सरळ करतं, किडा पुन्हा पालथा होतो. पुन्हा काडी, पुन्हा तेच. बाई दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या आहेत, बघताहेत, बोलत मात्र नाहीत. बऱ्याच वेळाने मूल मान वर करून विचारतं, ‘याला पान दिलं तर धरेल का?’ शेतावरच्या बालवाडीत जे शिकणं होतं ते या प्रश्नात आहे. तो प्रश्न फुटायला त्या बाईंना नुसतं बसून राहता आलं पाहिजे. बाईंच्या नजरेत दहा मुलं असतील तर त्या बसू शकतात. पंचवीस असतील तर त्या किड्याजवळ पोचतातच ‘चला, उठा, रांग करा’ म्हणत. झाडं तीच, किडाही तोच, पण शिकणं संपलेलं असतं. तुमच्या मुलाचं कमी होईल ते हे. शेताचा आकार किंवा शेळ्यांची संख्या यांच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

म्हणून ६० या आकड्याला मी एकदम घाबरणार नाही. मी विचारेन की ही ६० मुलं कशी बसणार आहेत. एका छपराखाली, एका घंटेवर, एकाच झाडाखाली? की वीस-वीसचे तीन गट, प्रत्येकाची स्वतःची जागा, स्वतःच्या ठरलेल्या बाई आणि स्वतःची वेळ? या दोन्ही गोष्टी कागदावर ‘६० मुलं’ अशाच दिसतात आणि मुलांच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या शाळा असतात.

जगात उघड्यावरच्या बालशाळा ज्या पद्धतीने वाढल्या, त्यातून हेच दिसतं. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला किंडरगार्टन हे नाव दिलं. त्याच्या कल्पनेतल्या बागेत प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा होता आणि त्याभोवती सगळ्यांची मिळून एक बाग. मार्गारेट आणि रेचल मॅकमिलन या बहिणींनी १९१४ मध्ये लंडनच्या डेप्टफर्ड भागात, गरीब वस्तीतल्या मुलांसाठी खुल्या हवेतली बालशाळा काढली. तिथे एक मोठी इमारत उभारण्याऐवजी बागेत उघडणाऱ्या वेगवेगळ्या शेड होत्या. डेन्मार्कमध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एला फ्लाताऊ ही आई आपल्या आणि शेजाऱ्यांच्या मुलांना रोज जंगलात नेऊ लागली आणि त्यातून पहिली जंगल-बालवाडी उभी राहिली. जर्मनीत १९९३ मध्ये फ्लेन्सबुर्गच्या जंगल-बालवाडीला सरकारी मान्यता मिळाली. आज त्या देशात अशा दीड हजाराहून अधिक बालवाड्या आहेत, तरीही गट साधारण १५ ते २० मुलांचा आणि सोबत किमान दोन मोठी माणसं, हा शिरस्ता टिकून आहे. त्यांनी मुलं वाढवली ती गटांची संख्या वाढवून. गट फुगवले नाहीत. तुमच्या शेतमालकांना हे उदाहरण जरूर द्या.

दुसरी गोष्ट फारसं कुणी विचारत नाही, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या बालवाडीचा जीव कुणात आहे? अशा ठिकाणी बहुधा एखाद्या बाई असतात, ज्यांच्यामुळे सगळं चालतं. शाळा वाढली की पहिला फटका त्यांनाच बसतो. त्यांना मुख्य केलं जातं, मग त्या प्रवेश, हजेरी, पालकांचे फोन, नव्या बायांच्या रजा यांत अडकतात. शेळीजवळ उभ्या राहणाऱ्या बाई टेबलामागे जातात आणि मुलांसमोर नवखी माणसं येतात. शेतमालकांना सरळ विचारा, की वाढ झाल्यावर या बाई दिवसातले किती तास मुलांसोबत असतील? कारभार बघायला वेगळं माणूस नेमणार का? नव्या बाया मुलं वाढायच्या आधी येतील की नंतर? माझ्या मते नव्या बायांनी किमान एक पूर्ण सत्र जुन्या बायांच्या हाताखाली काढल्याशिवाय एकही नवं मूल घेऊ नये. ऊन-पाऊस, चिखल, जनावरं आणि लहान मुलं हे सगळं एकत्र सांभाळणं हे पाहून पाहूनच येतं.

आता हात धुण्याबद्दल. हसू नका, शेतावरची बालवाडी किती मुलं झेपवू शकते याचं मोजमाप मी नळांवरून करते. गाई-शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यांत ई. कोलायचा ओ१५७ हा प्रकार असू शकतो. जनावर ठणठणीत असतं, पण तोच जंतू पाच वर्षांखालच्या मुलाच्या पोटात गेला तर रक्ती जुलाब होतात आणि काही मुलांची मूत्रपिंडं निकामी होतात. त्यासाठी फार थोडे जंतू पुरतात. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात २००९ साली मुलांसाठी खुल्या असलेल्या एका फार्मवरून अशी साथ पसरली आणि ९३ जणांना लागण झाली, त्यात बहुतेक लहान मुलंच होती. जनावराला हात लावल्यावर साबण आणि वाहतं पाणी, दुसरा इलाज नाही. हाताला चोळायचं जेल इथे पुरत नाही, कारण शेण-माती लागलेल्या हातावर ते नीट कामच करत नाही.

मग हिशोब करा. बाह्या वर करणं, साबण लावणं, बोटांच्या बेचक्यांत चोळणं, पुसणं यात एका मुलाचं मिनिट जातं. दोन नळ असतील तर २२ मुलांना ११ मिनिटं लागतात आणि ६० मुलांना अर्धा तास. जनावरांजवळून आल्यावर एकदा आणि खाण्याआधी पुन्हा एकदा. अर्धा तास रांगेत कुठलंच चार वर्षांचं मूल उभं राहत नाही. मग शेवटची वीस मुलं नुसते हात ओले करून पळतात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून नव्या आराखड्यात मुलांच्या उंचीचे किती नळ दाखवलेत ते बघा. ते जनावरांच्या गोठ्यातून बाहेर पडायच्या वाटेवरच आहेत का, खायची जागा आणि जनावरांची जागा यांच्यामध्ये काही आडोसा आहे का, चिखलाचे बूट कुठे काढायचे, हेही बघा. गाड्या लावायची जागा आराखड्यात ठळक असेल आणि नळ दिसतच नसतील, तर आराखडा कुणाच्या सोयीने केलाय ते तुम्हाला कळेलच.

याच कारणाने दोन वर्षांच्या मुलांचा गट मला अजिबात पटत नाही, निदान पहिल्या वर्षी तरी नाही. त्या वयात दिसेल ते तोंडात जातं. त्यांना लंगोट बदलायची वेगळी, स्वच्छ जागा लागते. मोठ्या मुलांपेक्षा दुप्पट हात लागतात आणि दुपारी झोपायला शांत खोली लागते. शेतावर कण्हेर, एरंड, गुंज यांच्यासारखी विषारी झाडं-वेली असतील तर साडेचार वर्षांच्या मुलाला ‘याला हात लावायचा नाही’ हे शिकवता येतं, दोन वर्षांच्याला नाही. जेमतेम बोटभर खोल पाण्यातही तान्हं मूल बुडू शकतं, म्हणजे कोंबड्यांचं पाण्याचं भांडंसुद्धा धोक्याचं. आधी साठ मोठी मुलं नीट सांभाळून दाखवा, मग लहानांचं बघू, असं मी शेतमालकांना तोंडावर सांगेन. हा मुद्दा तुम्ही ठामपणे धरा.

जनावरांचंही बघावं लागेल. सशाला दिवसभरात पंधरा वेळा उचललं तर तो आजारी पडतो, आणि त्याआधी तो ओरबाडायला लागतो. शेळी शहाणी असते, कंटाळली की उठून दूर जाते, पण जायला जागा असेल तरच. प्रत्येक जनावराला मुलं पोचू शकत नाहीत असा एक कोपरा हवा आणि रोज काही तास सुट्टी हवी. मुलं तिप्पट झाली म्हणून ससेही तिप्पट आणले, तर लेंड्या, खाद्य आणि वास तिप्पट होतो. तो वास तुमच्या कुंपणाकडेच येणार. तीच गोष्ट जमिनीची. रोज एकाच झाडाखाली खेळलं की गवत जातं, माती दगडासारखी घट्ट होते, पाणी मुरत नाही, मुळं उघडी पडतात आणि काही वर्षांत झाड सुकायला लागतं. जंगलात भरणाऱ्या बालवाड्या त्यासाठी जागा बदलत राहतात आणि वापरलेल्या जागेला विश्रांती देतात. या शेतावर तीन गटांना पुरतील एवढ्या जागा आहेत का आणि त्याशिवाय रिकामी ठेवायला एक आहे का, हे शेतात चक्कर मारून स्वतः पाहा. कागदावर कळणार नाही.

सभागृहाबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण मला त्याची काळजी वाटते. मुसळधार पावसात, कडक उन्हात, विजा चमकताना मुलांना आत जायला पक्की जागा हवीच, त्याला माझा विरोध नाही. पण इमारत झाली की ती वापरावीशी वाटते. आज बारीक पाऊस आहे, आज चिखल आहे, आज एक बाई रजेवर आहेत, असं करत करत मुलं आत जातात आणि शेत खिडकीतून बघायचं राहतं. म्हणून दिवसातले किमान किती तास मुलं बाहेर असतील हे लेखी मागा.

बाहेर असण्याचा फायदा हा नुसता आपल्या मनाचा समज नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर ठेवलं गेलं. तीन वर्षांनी त्यांच्यात नव्याने लांबचं कमी दिसू लागलेल्या मुलांचं प्रमाण ३०.४ टक्के होतं, तर नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या ओक्याबोक्या अंगणांत जंगलातली माती, गवत आणि झुडपं आणून टाकली. तिथे खेळणाऱ्या ३ ते ५ वर्षांच्या मुलांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांची विविधता २८ दिवसांत वाढली आणि त्यांच्या रक्तात प्रतिकारशक्तीचा समतोल सुधारल्याच्या खुणा दिसल्या. २०२० सालचा हा अभ्यास छोटा होता, ७५ मुलांचा, त्यामुळे त्यावर मोठे इमले बांधायला नकोत. पण हे सगळं मुलं मातीत खेळली म्हणून घडलं. सभागृहात बसून घडत नाही.

आता कुंपणाच्या अलीकडे येऊ. तुमच्या शेजाऱ्यांचं निवेदन तुम्ही पाठवलेल्या चार ओळींवरून तरी मला वेडगळ वाटलं नाही. त्यांना उत्तरं मिळायला हवीत, आणि काहींना साधी उत्तरं आहेत.

आवाजाचं घ्या. मुलं २२ ची ६० झाली म्हणजे आवाज तिप्पट होईल असं वाटतं, पण कानाचं गणित वेगळं आहे. सगळी एकाच वेळी तशीच ओरडली तर आवाज साधारण साडेचार डेसिबलने वाढतो. आपल्याला दुप्पट वाटायला दहाच्या आसपास वाढ लागते. उलट उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. म्हणजे खेळायची जागा कुंपणापासून १० मीटरवर आहे ती ४० मीटरवर नेली, तर बारा डेसिबल कमी. साठ मुलं असूनही तुमच्या सासऱ्यांना आजच्यापेक्षा कमी ऐकू येईल. शेतमालक बहुधा म्हणतील, कुंपणाला झुडपं लावतो. लावू देत, पण झुडपांच्या एका ओळीने आवाज फारसा अडत नाही. अडतो तो मातीच्या बांधाने किंवा भरीव भिंतीने. आणि सासऱ्यांच्या झोपेची वेळ विचारून त्या तासाभरात तुमच्या बाजूला गोष्टी, चित्रं, विश्रांती असं काही ठेवा, ही मागणी तर अगदी वाजवी आहे. ती सासऱ्यांच्याच तोंडून शेतमालकांच्या कानावर घाला. वयस्कर माणसाने थेट सांगितलेलं कुणी सहसा टाळत नाही, आणि आपलं कुणी ऐकलं याने सासऱ्यांचा अर्धा राग जाईल.

गाड्यांचा प्रश्न मात्र अवघड आहे. अरुंद रस्त्यावर सकाळी वीस मिनिटांत पन्नास गाड्या आल्या तर रुग्णवाहिकेलाही वाट मिळणार नाही. इथे शेजारी बरोबर आहेत. गटांच्या वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाने मागेपुढे ठेवणं, गाड्या रुंद रस्त्याला थांबवून तिथून मुलांना चालत आणणं, चार-पाच घरांनी मिळून एक गाडी करणं, हे उपाय आहेत. पण ते पालकांच्या मर्जीवर सोडले की पहिल्याच पावसात मोडतात. प्रवेश देतानाच ती अट असायला हवी. पालक म्हणून तुम्हीही हे कबूल करायला हवं, मग तुमचं घर कितीही जवळ असो. सांडपाण्याचंही तसंच. २२ मुलांसाठी बांधलेली शौचालयाची टाकी ६० मुलांना पुरणार नाही, आणि शोषखड्डा कुणाच्या विहिरीच्या जवळ येतो का हे अधिकाऱ्यांनी बघितलंच पाहिजे. यावर फार लिहीत नाही, ते मोजून ठरवायचं काम आहे.

‘आज साठ, उद्या दोनशे’ ही शेजाऱ्यांची भीती सगळ्यात खोल असते, आणि तोंडी आश्वासनाने ती जात नाही. परवानगीतच मुलांची कमाल संख्या आणि कामाच्या वेळा अट म्हणून घालून घ्याव्यात. पुढे वाढवायचं असेल तर पुन्हा अर्ज, पुन्हा सुनावणी. प्रामाणिक शेतमालकाला या अटीचा त्रास वाटायचं कारण नाही. याला ते का-कू करू लागले, तर मात्र सावध व्हा.

आणखी एक माणूस या सगळ्यात बोलत नाहीये. प्रवेशाच्या यादीत थांबलेलं मूल. तुमच्या मुलाची वाचा जिथे फुटली तिथे जायची आणखी कुठल्या तरी घरातल्या अबोल पोराला गरज असेल. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघांसोबत काम करताना अंगणात बालवाडी भरवली. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. झाडाखालचं शिकणं त्यांच्या हातून आधी पोचलं ते ज्यांच्यापाशी काही नव्हतं त्यांच्याकडे. आज तेच शिकणं वीस-बावीस घरांपुरतं राहावं असं मला तरी वाटत नाही. म्हणून नव्या जागांपैकी काही जागा ज्यांना शुल्क परवडत नाही अशा घरांतल्या मुलांसाठी राखणार का, हेही विचारा. माझा कल वाढीच्या बाजूने आहे, हे मी लपवत नाही. पण हळूहळू वाढावं. पहिल्या वर्षी दुसरा गट, तो बसला की तिसरा.

आता करायचं काय? तुम्ही तिसरा कागद लिहा, स्वतःच्या नावाने. पहिल्याच ओळीत सांगा की तुमचं घर शेताला लागून आहे आणि तुमचा मुलगा त्याच बालवाडीत जातो. हे आधीच सांगितलंत की कुणी नंतर बोट दाखवू शकत नाही. मग तुमच्या अटी: गट जास्तीत जास्त वीसचा, बाया आधी आणि मुलं नंतर, नळांची संख्या, बाहेर राहण्याचे तास, पहिल्या वर्षी दोन वर्षांची मुलं नकोत, खेळायची जागा कुंपणापासून लांब, गाड्यांच्या वेळा, सांडपाण्याची सोय, संख्येला मर्यादा. पत्र पाठवायच्या आधी शेतमालकांना भेटून वाचून दाखवा आणि आठ दिवस द्या. बहुतेक गोष्टी त्यांनी मान्य करून आराखड्यात घातल्या, तर तुमचं पत्र सशर्त पाठिंब्याचं होईल. गोड बोलून वेळ मारून नेली, तर त्याच मुद्द्यांवर विरोधाचं. दोन्ही वेळा तुमचं लिहिणं तेच राहील, फक्त शेवटचा परिच्छेद बदलेल. कुणाच्या तरी छापील मजकुराखाली केलेल्या सहीपेक्षा सुनावणीत अशा पत्राचं वजन जास्त पडतं.

नवरा म्हणतो त्याप्रमाणे कशातच न पडणं तुम्हाला जमणार नाही. दोन्ही बाजूंचे कागद तुमच्या घरात येऊन पडलेत, आणि तुम्ही गप्प राहिलात तर दोघंही तुम्हाला दुसऱ्या बाजूच्या समजतील.

पण त्याआधी वहिनींकडे जा, आजच. त्यांच्या निवेदनावर सही करत नाही हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. तुमचं पत्र लिहून झालं की तेही त्यांना पूर्ण वाचायला द्या. त्यांचा गाड्यांचा आणि सांडपाण्याचा मुद्दा तुम्ही त्यात घेतला आहे हे त्या स्वतः बघतील. एखादा मुद्दा सुटला असेल तर विचारून घाला. त्यांचं मत बदलायला जाऊ नका. त्यांना विरोध करायचा असेल तर तो त्यांचा हक्क आहे आणि कदाचित त्यांच्या दबावामुळेच तुमच्या अटी मान्य होतील. मुलाचं संध्याकाळी त्यांच्याकडे जाणं एक दिवसही थांबवू नका. त्याच्यासमोर शाळेचं भांडण घरात बोलू नका. साडेचार वर्षांची मुलं सगळं ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी शेळीला जाऊन सांगतात.

पत्राच्या दोन प्रती काढा, सुनावणीच्या किमान आठ दिवस आधी कार्यालयात नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सुनावणीला स्वतः हजर राहा, जमलं तर सासऱ्यांनाही घेऊन जा. काय झालं ते मला कळवा.